अर्ध्या कमळाची गोधडी

कोऱ्या मासिकाच्या शाईचा वास आला की मला निघोज्यातली ती दुपार आठवते. बाळंतपणाला माहेरी आलेली माझी थोरली बहीण सकाळपासून आतल्या खोलीत कळा देत होती, आणि सायकलवरून चाकणला डॉक्टर आणायला गेलेले वडील अजून परतले नव्हते. मी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. ते ऐकून बहीण आतून म्हणाली, "माझ्या नव्या मासिकातली गोधडी शिव गं बाळाला. बस एका जागी." गोधडी म्हणजे म्हाताऱ्यांचं काम, असं म्हणून मी कधी सुई धरली नव्हती. पण मासिक उघडलं तर त्या पानावर कापडाच्या तुकड्यांचं कमळ होतं, आणि कुठला तुकडा कधी जोडायचा ते चित्रांतून दाखवलं होतं. जुनं लुगडं घेऊन मी बसले. आतून ओरडणं आलं की टाका वाकडा जायचा. आवाज थांबला की त्याहून जास्त भीती वाटायची. मग सुईण म्हणाली, "पोरगी झाली," पण रडणं काही ऐकू येईना. सुई हातात धरून मी दाराशी उभी राहिले. आत नुसत्या चापट्यांचा आवाज. बऱ्याच वेळानं एक बारीक, चिडका टाहो फुटला. "आण ती गोधडी," आई म्हणाली. "अर्धीच झालीय." "असू दे, जशी हाय तशी आण." अर्ध्या कमळात आम्ही भाचीला गुंडाळलं. बहीणही सुखरूप होती. आता त्याच भाचीची नात माझ्याकडे गोधडी शिकायला येते. मी तिला आधी टाके शिकवत नाही. चित्रं पुढ्यात ठेवते आणि तिला त्यातलं एक आवडेपर्यंत गप्प बसते.