आडव्या झालेल्या केळी

माझ्या थोरल्या बहिणीचं स्वतःचं वावर कधीच नव्हतं. लग्नापासून ती आणि भाऊजी रामाकोना गावाच्या बाजूला दुसऱ्याच्या वावरात मजुरी करत आले. मग एका वर्षी त्यांनी नदीकाठचा एक तुकडा ठेक्यानं घेतला आणि त्यात केळी लावल्या. आजूबाजूला सगळा संत्रा नाहीतर कापूस. हे इकडचं पीक नव्हे, असं लोक म्हणाले. पण भाऊजी खानदेशात केळीच्या कामावर राहून आले होते, त्यांनी ऐकलं नाही.

मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. रविवारी गेले की ताई आधी वावरात न्यायची, मग घरी. घड लागले तेव्हा ती एकेका झाडाला बांबूचा टेका देत हिंडायची आणि बोलता बोलता घडाखालून हात फिरवायची.

घड उतरायला थोडेच दिवस राहिले होते, आणि वैशाखात एका दुपारी वादळ आलं. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर सगळ्या केळी घडांसकट एकाच अंगाला आडव्या पडलेल्या. भाऊजी धुऱ्याच्या बांधावर बसून होते. ताई एक अर्धी कललेली केळ खांद्यानं उचलून धरत होती. मला पाहून म्हणाली, "ते दोरी दे." आम्ही दोघींनी ती बांधली. संध्याकाळी तीही मोडली.

आधी घड पाहून गेलेला व्यापारी फोन उचलेना. आला तेव्हा बोलला मात्र नीट. केळं भरलं नाही, आता पिकणार नाही, गाडीचं भाडंही निघायचं नाही, असं त्यानं समजावलं, चहा घेतला आणि गेला. सरकारी मदत जमिनीच्या मालकाला मिळते, ठेक्यानं कसणाऱ्याला नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.

घड कापायला भाऊजींचा हात उठेना. शेवटी ताईच विळा घेऊन वावरात उतरली. गावात घरोघरी कच्च्या केळांची भाजी झाली, उरलं ते जनावरांना गेलं. केळांची फणी न्यायला आलेली शेजारची म्हातारी म्हणाली, "तुह्याच वावरातलं खाऊन राहिलो बाई, पण घास उतरत नाई."

पावसाळ्याआधी मालकानं वावर परत घेतलं आणि संत्रा लावला. भाऊजी नागपूरला बांधकामावर गेले. चौदा एप्रिलला येतात, पण नदीकडे फिरकत नाहीत. ताई त्याच वावरात तण निंदायला जाते. मी चिडून दुसरीकडे जा म्हटलं, तर म्हणाली, "तिकडंही निंदणंच हाय. हे जवळ तरी पडते."

परवा तिनं सांगितलं, संत्र्याच्या ओळीत जुन्या केळीचा एक कोंब उगवून आला होता. मालकानं तो काढायला लावला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. काढला." मग स्वतःच म्हणाली, "घरी आणला असता, पण लावाले जागा कुठं हाय."