गाळलेल्या गोंडी ओळी
छपाईच्या शाईचा वास आला की लातूरचं ते वसतिगृह आठवतं. कॉलेजच्या वार्षिकांकाची संपादक मी, पण मराठीच्या सरांनी पहिल्या पानासाठी माझी भूकंपावरची कविता सोडून किनवटहून आलेल्या माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची गोंडी कविता निवडली. मी आतून जळले. छापायला देताना गोंडी ओळी गाळून तिनं सोबत दिलेला मराठी अर्थ तेवढा ठेवला. अंक पाहून ती म्हणाली, "आईला वाचून दाखवणार होते गं. तिला मराठी समजत न्हाई." "जागा नव्हती," मी म्हणाले. स्नेहसंमेलनात तिनं ती कविता गोंडीतूनच तोंडपाठ म्हटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी नाही. इतक्या वर्षांनी परवा फोन करून तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला तवाच कळलं होतं. पण त्या वसतिगृहात माझ्याशी बोलणारी तू एकटीच होतीस."