लुगड्याच्या काठाला लोणी

मी संशयी बाई आहे, हे मला कुणी सांगायला नको. लग्नानंतर दुसऱ्याच पावसाळ्यात मुदतीचा ताप आला. तापानं जीव ठेवला, पण दोन्ही कान नेले. नवऱ्यानं पाठंगुळी घेऊन भोरला नेलं. तिथल्या डॉक्टरानं कानात नळी घालून पाहिलं आणि नवऱ्याकडे बघून मान हलवली. माझ्याकडे बघून का नाही? कान माझे होते ना! तेव्हापासून चार बाया हसताना दिसल्या की वाटायचं, मलाच हसतायत. पुढं तोंडं बघून बोलणं उचलायला शिकले, तेव्हा कळलं की निम्म्या वेळा खरंच मलाच हसत होत्या.

वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या अंगाला आमचा धनगरवाडा. म्हशी, शेरडं, उतारावर नाचणीचं वावर. घरात सासू, नवरा, दीर आणि थोरली जाऊ. जावेला मूल नव्हतं. माझं पहिलं पोर चार महिन्यांचं होतं, तेव्हा एकदा मी पाठमोरी बसून दळत होते. झोळीत मुंगळे चढले. पोर रडून रडून निळं पडलं आणि मी आपली ओवी म्हणत दळतेय! जाऊ बाहेरून धावत आली तेव्हा मला कळलं.

त्या दिवशी सासूनं निकाल दिला. पोर थोरलीच्या कुशीत, मला फक्त पाजायपुरतं. पाजून झालं की जाऊ हात पुढं करून उभीच. पोर भिंतीपलीकडे रडतंय की खेळतंय, हेही मला कळायचं नाही. तापातच मेले असते तर बरं झालं असतं, असं वाटायचं.

शेरडांमागं जाणारी एक तरणी कुत्री होती. करडू ओरडलं की आधी तिचे कान उभे राहायचे, मग मान वळायची. एक दिवस ते बघता बघता मनात आलं, माझे कान गेले, पण हिचे आहेत की! नवऱ्याला म्हणाले, “हिला शिकवू.” तो हसला, पण ते हसणं चांगलं होतं.

मग आमचा खेळ सुरू झाला. करडू डाल्याखाली झाकायचं आणि शेरडी लांब बांधायची, म्हणजे करडू ओरडणारच. मी पाठ करून बसायची, लुगड्याच्या काठाला लोणी चोळून. करडू ओरडलं की नवरा कुत्रीला माझ्याकडे सोडायचा. ती काठ चाटायची, मग चावायची, मग ओढायची. ओढलं की मी उठून डाल्यापाशी जायची आणि तिथं तिला बोटभर लोणी. हळूहळू काठाचं लोणी बंद केलं, डाल्यापाशीचं ठेवलं. मग करडाच्या जागी पोराची झोळी आली. सासू म्हणाली, “पोराच्या तोंडचं लोनी कुत्र्याला! आता पाजाया बी तिलाच बशीव.”

कुत्री पटकन शिकली. माझंच अडलं. ती खरं सांगते की लोण्यासाठी लबाडी करते, हे मला कसं कळावं? मी झोळीपाशी पोचेपर्यंत पोर गप्प झालेलं असायचं आणि जाऊ म्हणायची, “रडलंच न्हाई, उगा आली.” आता कुत्री खोटी की जाऊ? शेवटी मी पोराच्या छातीवर तळहात ठेवायला लागले. रडून थांबलेल्या पोराची छाती थोडा वेळ हुंदक्यानं उडत राहते. बहुतेक वेळा ती उडत असायची. कुत्री दोन-तीनदा खोटं बोलली, नाही असं नाही. पण लबाडी असली की लोणी नाकारल्यावर ती मुकाट कोपऱ्यात जाऊन बसायची. चोराला आपली चोरी ठाऊक असते.

नाचणीची लावणी आली तशी सासू म्हणाली, “लावनीभर पोर तुज्यापाशी ऱ्हाऊ दे. पर येकदा जरी कुनी सांगितलं की पोर रडतंय न् आई उठंना, तर पोर थोरलीचं. मग माज्याम्होरं रडायचं न्हाई.” जाऊ काहीच बोलली नाही. जाऊ गप्प म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी धरूनच चालले. वावरात जाताना तिनं कुत्रीला भाकरीचा तुकडा टाकलेला मी पाहिला. फितूर करतेय मेली, दुसरं काय?

पहिले काही दिवस नीट गेले. मग एक दिवस सकाळपासून कुत्री काठ ओढायला आलीच नाही. सगळी वावरात गेली होती. सासू सगळ्यांच्या मागून गेली, तीही पोराला कडेवर घेऊन अंगणात एक फेरी मारून. एरवी असली माया करणारी बाई नव्हे ती. मी ताक केलं, भांडी घासली, दर घडीला मान वळवून बघत होते. कुत्री उंबऱ्यात पसरलेली. जावेच्या भाकरीनं काम केलं, असं वाटून माझं टाळकं फिरलं.

ऊन अंगणात आलं आणि काठ ओढला गेला. गेले. पोर झोपलेलं. छातीवर तळहात ठेवला, हुंदका नाही. “लबाड!” म्हणून मी तिला ढकललं. लोणी दिलं नाही. ती परत आली. परत ढकललं. तिसऱ्यांदा तिनं काठ असा ओढला की टरकन फाटला.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. लबाडी असती तर ही कोपऱ्यात बसली असती. तिनं काय ऐकलं देव जाणे, श्वासाची घरघर असेल. मी पोराला उचललं तर मान लोळली. ओठ काळसर. पापणी वर केली तर डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी. ओठाच्या कोपऱ्यात तपकिरी डाग.

अफू. कामाच्या दिवसांत आमच्याकडच्या बाया पोरांना चाटवायच्या, म्हणजे ती झोपून राहतात. मी चाटवली नव्हती. मग कुणी? जाऊ! दुसरं कोण?

पोर छातीशी धरून मी वावराकडे धावले. ओरडत होते की नुसतं तोंड उघडत होते, मला माहीत नाही. सगळ्यांच्या आधी जाऊच पळत आली आणि पोर हिसकावून घेतलं. मी तिच्या झिंज्या धरल्या. तिनं मला झटकलं, पोराला बांधावर ठेवलं, तोंडावर पाणी मारलं, तळपायांवर टिचक्या मारायला लागली. बाया गोळा झाल्या, त्यांच्या पाठींच्या आड मला काही दिसेना. नवऱ्यानं मला धरून ठेवलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. जगात माझ्याइतकं एकटं कुणी नव्हतं.

आणि माझा काठ ओढला गेला. फाटलेला काठ दातांत धरून कुत्री मला बांधाकडे ओढत होती.

पोर रडत होतं.

मी मटकन चिखलात बसले. बाया बाजूला झाल्या तेव्हा समोर सासू दिसली. तिचे ओठ थरथरत होते, तरी मी सगळं उचललं. “म्या दिली. मोहरीयेवढीच दिली गं. रडलंच न्हाई तर कोन बोट दावनार? पोर तुलाच ऱ्हाईल, म्हनून दिली.”

मी वर्षभर जावेवर डोळे रोखून बसले होते आणि माझ्या बाजूचं माणूस घरात हे होतं! तिचे पाय धरावेत की नरडं, मला कळेना.

“आत्याबाई, रडू द्या त्याला!” मी म्हणाले. “त्यो रडला तरच मला कळतं!”

केवढ्यानं ओरडले असेन माहीत नाही, पण सगळ्या बाया दचकल्या. जाऊ उठली, रडतं पोर तसंच तिनं माझ्या मांडीवर आणून ठेवलं, आणि या खेपेला ती हात पुढं करून उभी राहिली नाही.