ट्रायलच्या गाडीतले पाहुणे

नांदेड ते लातूर या रस्त्यावरचे सगळे खड्डे मला कमरेतून पाठ आहेत.

घर नांदेडला आणि नोकरी लातूरच्या ज्युनिअर कॉलेजात. विषय भूगोल. आठवड्यातून दोनदा जायचं, दोनदा यायचं, आणि तेही आमच्या जुन्या, डब्याएवढ्या गाडीतून. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी माझ्या मणक्याचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "सर, तुम्ही बैलगाडीनं जाता का?"

झालं! त्याच संध्याकाळी घरात ठराव पास झाला, की नवी गाडी घ्यायची. पण कोणती?

"सीट मऊ पाहिजे. आणि साडी नेसून चढता आलं पाहिजे," बायको म्हणाली. (तिचं नाव सुनंदा. आमच्या घरात ठराव तीच मांडते आणि तीच पास करते.)

"मला मांडी घालून बसता आलं पाह्यजे," आमचे वडील, म्हणजे आप्पा, म्हणाले.

"आणि मला फोर बाय फोर पाहिजे!" मी म्हणालो.

"म्हणजे काय असतं ते?"

"चारही चाकांना ताकद असते. कसल्याही चिखलातून गाडी बाहेर येते!"

"तुम्ही लातूरला शिकवायला जाता की नांगरायला?" सुनंदा.

पण मी मागे हटलो नाही. मोबाईलवर गाड्यांचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की झोपेतही कुणी विचारलं असतं तर मी गिअरबॉक्सचे प्रकार सांगितले असते. स्टाफरूममध्ये माझं गाड्यांवरचं व्याख्यान सुरू झालं, की लोक आपणहून तासावर जायला लागले होते.

नांदेडच्या एका शोरूममध्ये आम्हाला गजानन भेटला. भोकरकडचा मुलगा, सावळा, उंच, इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात टाय. बोलणं इतकं अदबीचं, की गाडीचं दारसुद्धा तो गाडीची परवानगी घेऊन उघडतोय असं वाटायचं. मी चार वेळा जाऊन त्याला तेच तेच प्रश्न विचारले, त्यानं चारही वेळा हसून उत्तरं दिली. आप्पांनी मागच्या सीटवर मांडी घालून पाहिली आणि चहा येईपर्यंत मोडली नाही.

"चला सर, ट्रायल घेऊ. पुलापर्यंत जाऊन येऊ," गजानन म्हणाला.

"पुलापर्यंत काय कळणार? माझ्या रस्त्यावर चला! अहमदपूरपर्यंत! आणि वाटेत कच्चा रस्ता पाहिजे. चिखल पाहिजे!"

गजाननचा चेहरा जरा उतरला. पण त्याच्या साहेबांनी परवानगी दिली (मला वाटतं, मी पाचव्यांदा येऊ नये म्हणून दिली), आणि दसऱ्यानंतरच्या एका रविवारी आम्ही चौघे त्या पांढऱ्याशुभ्र, धिप्पाड गाडीतून निघालो. गजानन चालवत होता, मी शेजारी. मागे सुनंदा, आणि मांडी घातलेले आप्पा.

गाडी काय चालली म्हणता! लोहा मागे पडलं, माळाकोळी आलं तरी माझ्या कमरेला पत्ताच नाही. आप्पा घोरत होते. आदल्या दिवशी परतीचा पाऊस दणकून पडलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढून ठेवलेलं सोयाबीन ताडपत्र्यांखाली झाकलेलं. अहमदपूर जवळ आलं आणि मला डाव्या हाताला एक काळाकुट्ट, पाणी साचलेला गाडीरस्ता दिसला.

"घ्या आत!" मी ओरडलो.

"सर, लई चिखल हाय..."

"तोच तर पाहिजे!"

गजाननने मधल्या गोल बटणांपैकी एक फिरवलं, आणि गाडी त्या चिखलातून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. वाटेत एक ओढा लागला. पाणी कमी, गाळच जास्त. तोही आम्ही आरामात पार केला. मी मागे वळून सुनंदाकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ती म्हणाली, "पुढं बघा, गाव आलं."

गावातल्या पहिल्याच घरासमोर अंगण सारवलेलं होतं, खुर्च्या मांडलेल्या होत्या. गाडी वळवायला थांबलो, तर नवी टोपी घातलेले एक गृहस्थ पळतच आले.

"या या या! नांदेडहून ना?"

"हो," मी म्हणालो. (खोटं कशाला बोलायचं?)

"कवापासून वाट बघून राहिलो! मी माधवराव. उतरा की! रस्त्यानं लई तरास झाला असंल."

नंबरप्लेटवरून त्यांनी नांदेड ओळखलं असणार, असं मला वाटलं. वाट कशाची बघत होते हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण आमचा मराठवाडाच असा, की अनोळखी माणसालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. तेवढ्यात भज्यांचा वास आला आणि आप्पा आमच्याआधी उतरून खुर्चीवर बसलेसुद्धा. सुनंदाला बायका आत घेऊन गेल्या.

माधवरावांनी मला जरा बाजूला घेतलं. गजानन गाडीपाशी उभा राहून काचेवरचा चिखल पुसत होता. माधवराव तिकडे बघत हळूच म्हणाले, "कसं काय हाय मग? चांगलं हाय ना?"

मॉडेलबद्दल विचारतायत! माझ्या व्हिडिओंचं सार्थक करायची वेळ आली होती.

"दिसायला तर एकदम भारी," मी म्हणालो.

"दिसण्याचं सोडा. दणकट हाय का?"

"दणकट आहे हो! पण खातंही तेवढंच."

"खाऊ द्या की! आवाज लई करतंय का?"

"सकाळी सुरुवातीला करतं थोडा. एकदा गरम झालं की शांत."

माधवरावांनी मान डोलावली. "तुमचंच ना हे?"

"छे! आमचं कुठलं! कंपनीचं आहे. आजच्या दिवसापुरतं आणलंय. पटलं तर ठेवून घेऊ, नाहीतर संध्याकाळी नेऊन सोडायचं."

माधवरावांचा आ वासला तो मिटेना. थोड्या वेळानं त्यांनी अगदी दबक्या आवाजात विचारलं, "ह्याच्या आधी कुठं... कुणी बघितलंय का?"

"दोघा-तिघांनी बघितलं. पण जमलं नाही. एकाला म्हणे रंग पसंत पडला नाही."

"रंगात काय हाय वो!" माधवराव कळवळून म्हणाले. आणि जाऊन त्यांनी गजाननच्या पाठीवर असा हात फिरवला, की जणू तो पोरका आहे. गजाननला काहीच कळलं नाही. त्याच्या हातातलं फडकं काढून घेऊन आम्हा सगळ्यांना घरात नेण्यात आलं आणि त्याला बरोबर मधल्या खुर्चीवर बसवण्यात आलं.

मग पोहे आले. भजी आली. आप्पांनी दुसरी बशी मागितली. आणि चहाचा ट्रे घेऊन एक मुलगी आली. साडी नेसलेली, हुशार डोळ्यांची, ओठ मात्र हसू दाबून धरलेले. मागून सुनंदा आली आणि माझ्या दंडाला तिनं असा चिमटा काढला, की मणक्याचं दुखणं मी जागच्या जागी विसरलो.

"अहो," ती कानात म्हणाली, "हा मुलगी बघण्याचा कार्यक्रम आहे!"

"कोणाचा?"

"गजाननचा!"

मी गजाननकडे पाहिलं. त्यालाही आत्ताच उमगलं असावं, कारण तो बशीऐवजी पोह्यांत चहा ओतत होता. मी उठून काही बोलणार, तेवढ्यात माधवराव म्हणाले, "ही आमची मनीषा. अहमदपूरला दवाखान्यात नर्स हाय. विचारा काय विचारायचं ते."

आप्पांनी चटणी आहे का ते विचारलं. शेवटी मनीषानेच विचारलं, "तुम्ही काय करता?"

"गाड्या विकतो," गजानन म्हणाला. खरं तेच बोलला बिचारा. "म्हंजे, विकायचा प्रयत्न करतो. ह्या महिन्यात एकबी गेली न्हाई. हे सर चार वेळा आले, पण अजून घेतली न्हाई त्यांनी."

मनीषा हसली. फस्सकन हसली. आणि माधवराव गोंधळून म्हणाले, "पण आम्हाला तर इंजिनिअर सांगितलं होतं!"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "आम्ही नांदेडचे पाहुणे! तुमच्या ओढ्यात गाडी फसली आमची! माणसं पाठवा!"

माधवरावांनी फोन खाली घेतला. आम्हा चौघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"मग तुम्ही कोण वो?"

त्या क्षणी मला कळलं, की चारही चाकांना ताकद असून उपयोग नाही, जमीन दुभंगायला पाहिजे. माझं त-त-प-प ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. नंतर कळलं की मध्यस्थानं माधवरावांना मोबाईलवर पाठवलेल्या फोटोत नवरामुलगा मोठा काळा गॉगल लावून उभा होता, आणि गॉगलमध्ये सगळी मुलं सारखीच दिसतात. आप्पा मात्र शांत होते.

"मला पयलेच कळलं होतं," ते म्हणाले. "पण भजी तळून राहिले होते."

इथे मी निघून यायला हवं होतं. पण माझ्यातला भूगोलाचा मास्तर आणि व्हिडिओंचा अभ्यासक दोघेही एकदम जागे झाले. या माणसाचं एवढं खाल्लं, निदान त्याचे पाहुणे तरी ओढ्यातून काढून देऊ! "काळजी करू नका माधवराव!" मी गर्जना केली. "आपली फोर बाय फोर आहे!" गजानन "सर... सर..." म्हणत होता, तोवर मी त्याच्यासमोरची किल्ली उचलली, एक दोरखंड मागून घेतला आणि माधवरावांना शेजारी बसवून गाडी सोडलीसुद्धा.

ओढ्यात एक नाजूकशी लाल गाडी पोटापर्यंत बसली होती. काठावर नवरामुलगा, त्याचे आईवडील आणि पांढरेशुभ्र कडक कपडे घातलेले मामा उभे होते. मी ऐटीत मधलं एक गोल बटण फिरवलं, गाडी वळवून मागे घेत ओढ्यात घातली, त्यांच्या पुढ्यात आणून थांबवली. दोर बांधला. आणि अॅक्सिलरेटर दाबला.

गाडी जागची हलली नाही. मी आणखी दाबला. मागची चाकं गरगरा फिरली आणि काळ्या गाळाचा एक भव्य फवारा उठून थेट मामांवर गेला. टोपीपासून चपलेपर्यंत! मी घाबरून आणखी दाबला, तर दुसरा फवारा नवरामुलाच्या आईला मिळाला. काळी मृदा पाणी धरून ठेवते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलोय. ती गाडीही धरून ठेवते, हे पुस्तकात नव्हतं. आमची धिप्पाड गाडी त्यांच्या लाल गाडीशेजारी मुकाट्यानं खाली बसली.

"सर," माधवराव शांतपणे म्हणाले, "आतमधे लई गार हवा सुटून राहिली."

तेवढ्यात गजानन आला. बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत, टाय खांद्यावर, आणि त्याच्यामागे अख्खं गाव. मनीषासुद्धा, साडीचा ओचा खोचून. गजाननने दारातून आत डोकावलं.

"सर, फोर व्हील लागलंच न्हाई. तुम्ही पंखा वाढवलाय."

गावानं हे ऐकलं. सगळ्या गावानं!

मग त्यानं मला उतरवलं, दुसरं बटण फिरवलं, चाकांखाली दगड लावायला सांगितले आणि हळूहळू गाडी बाहेर काढली. पुन्हा दोर लावून लाल गाडीही काढली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण चिखलातून डोळे तेवढे पांढरे दिसणारे मामा आमच्याकडे आले आणि ओरडले, "असल्या गावात सोयरीक करायची न्हाई आम्हाला! चला रे!" आणि ती मंडळी पाणीसुद्धा न पिता निघून गेली.

माधवराव एका दगडावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चार दिवसांपासून घर सारवत होते ते. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "माधवराव, माझ्यामुळं झालं हे सगळं. मी त्यांच्या घरी जाऊन पाया पडतो."

"न्हाई पडायचं," मनीषा म्हणाली. "बाबा, बरं झालं. त्या मामांना चिखल उडाला तर गाव नको झालं. मला तर रोज ह्याच ओढ्यातून ड्यूटीला जावं लागतंय." मग ती माझ्याकडे वळली. "सर, मघाशी बाबांना म्हणालात ना, मी खिडकीतून ऐकलं, आजच्या दिवसापुरतं आणलंय, पटलं तर ठेवून घ्यायचं? ते गाडीबद्दल होतं का?"

"हो," मी मान खाली घालून म्हणालो.

"मग ठीक हाय," ती म्हणाली आणि गजाननकडे बघून पुन्हा तशीच फस्सकन हसली. गजानन अजून बूट हातात धरून उभा होता. माधवरावांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि टोपी परत डोक्यावर ठेवली.

"गाव कोणतं म्हणायचं तुमचं?" त्यांनी विचारलं.

पुढचं सगळं सुनंदानं केलं. गजाननच्या आईवडिलांना फोन, दोन्हीकडच्या पावण्यारावळ्यांची चौकशी, दोघांना निवांत बोलू देणं. गाडी आम्ही तीच घेतली. दुसरी घ्यायला तोंड कुठं होतं? (गजाननची त्या महिन्यातली ती एकमेव विक्री.) आता लातूरला पोहोचलो तरी कंबर आहे की नाही ते चाचपून बघावं लागतं, इतका आराम!

लग्न अहमदपूरला झालं. आप्पा जेवणाच्या पंगतीत आधीच जागा धरून होते. मला मोठा गुलाबी फेटा बांधून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं, आणि मी आपला मध्यस्थाच्या रुबाबात सगळ्यांचे नमस्कार घेत होतो. अक्षता पडल्या, मानपान सुरू झाले, आणि माईकवरच्या गावकऱ्यानं खणखणीत आवाजात पुकारलं:

"आता मान नांदेडच्या सरांचा! मंडळी, जोरदार टाळ्या! सरांना गाडी चालवता आली असती, तर आज हे लग्न झालंच नसतं!"

टाळ्या थांबेनात. मी फेटा सावरला, उठलो आणि चारही दिशांना वाकून नमस्कार केला.