पाणी लावायचं नाही

अण्णांच्या औषधाला गुण आला की तो औषधाचा, आणि नाही आला की रोग्याने पथ्य मोडलेलं. माझ्या वडिलांची पंचवटीतली वैद्यकी या एका वाक्यावर उभी होती, असं मी म्हटलं तर घरातले अजूनही माझ्यावर डोळे वटारतात. वटारू देत. माणूस लाखातला, हाताला गुण, सगळं खरं. पण त्या माळणीच्या कुत्रीची आठवण आली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरची. माझा थोरला तेव्हा अंगावर पीत होता, आणि मी त्याला घेऊन माहेरी आले होते. त्याला खरूज झाली होती. खरजेवर अण्णांचा मलम म्हणजे रामबाण. देवळाली कॅम्पातून माणसं टांगा करून न्यायला यायची. रसकापूर, मोरचूद, गंधक लोण्यात घालून तो मलम खलायचा. लग्नाआधी ते काम माझंच. खलून झालं की अण्णा समोर उभे राहून माझे हात राखेनं घासून घ्यायचे. "पोटात गेलं तर विष आहे, कार्टे!" बाळाला मलम लावला तेव्हाही त्यांनीच जुन्या धोतराच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि त्याच्या दोन्ही मुठी त्यात बांधून टाकल्या. हात तोंडात जायला नकोत म्हणून.

त्याच आठवड्यात माळीण आली. मखमलाबादच्या वाटेवर तिचा पेरूचा मळा. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, आणि दीर मळ्यावर टपलेला. दिवसा पंचवटीच्या बाजारात भाजी विकायची, दिवेलागणीला मळ्यातल्या खोपटात परतायची. तिथं तिला सोबत म्हणून ती एक कुत्री. दीर कुंपणाशी फिरकला तरी ती कुत्री भुंकून रान उठवायची. आता तिच्या पाठीवरचे केस झडले होते आणि खाजवून खाजवून कातडं लाल झालं होतं.

"वैद्यबुवा, हिलाबी द्या की तुमचा मलम. हिच्याबिगर त्या मळ्यात माझं कोन हाय?"

अण्णांनी कधी जनावराला औषध दिलं नव्हतं. पण नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. पानावर मलम घातला आणि पथ्य सांगितलं, माणसाला सांगायचे तेच, तोंडपाठ. "आंबट नाही, तेलकट नाही. आणि मलम आपोआप सुकून पडेपर्यंत पाणी लावायचं नाही. पाणी लागलं की गुण गेला." माळीण जीव कानात आणून ऐकत होती. कुत्रीला आंबट कोण घालतंय, म्हणून मला फस्सकन हसू आलं. तेवढंच मला सुचलं.

दोन-तीन दिवसांनी ती भर बाजाराच्या वेळी आली. डोक्यावर पाटी नाही, काही नाही.

"वैद्यबुवा, ती खात नाय. लाळ गळून ऱ्हायली, ओकून ऱ्हायली. सारखी पाठ चाटते. धुऊन काढू का मलम?"

मी बाळाला मांडीवर घेऊन ओट्यावरच बसले होते. पिशवीत बांधलेली त्याची मूठ माझ्या हातात होती. कुत्रं अंगाला लावलेलं सगळं चाटून खातं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या घरात ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"अण्णा, ती मलम खातेय," मी म्हटलं. "बाळाचे हात आपण बांधले ना, तसं..."

ओट्यावर आणखी रोगी बसले होते. अण्णांचा चेहरा लाल झाला. "तू आत जा. मला वैद्यकी शिकवू नकोस!" मग माळणीकडे वळले. "पाणी लावलंस का?"

"नाय जी. थेंब नाय."

"मग लावू नकोस. औषध मुरतंय. उतार पडेल."

ती गेली. मी तिच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत जायला हवं होतं. "मळ्यात विहीर आहे ना, धू गं बाई," एवढंच सांगायचं होतं. पण चारचौघांत बापाचा शब्द कसा खाली पाडायचा? मी आत जाऊन मुकाट्याने दुपट्यांच्या घड्या घालत बसले. आणि राग कशाचा आला होता, तर अण्णा माझ्यावर ओरडले याचा!

कुत्री मेली. माळीण भांडायला येईल असं मला वाटलं होतं. ती ओट्याखालीच उभी राहिली.

"गेली वो ती, वैद्यबुवा. माझं काय चुकलं?"

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांना कळलं होतं, मी दारातून पाहिलं. आता बोलतील, मला वाटलं. बोलले ते जुनंच.

"पथ्य मोडलं असणार."

"आईच्यान नाय! ती विहिरीच्या डोणीकडं ओढ घेत होती, पान्यात बसायला. म्या दाव्यानं बांधून ठेवली. पानी लागू दिलं नाय."

अण्णा खाली बघत म्हणाले, "खाण्यातलं असेल."

ती विचार करत राहिली आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "ताक! काय खातच नव्हती, तवा भाकर ताकात कुस्करली वो म्या! आंबट ताक!" आणि ती ढसाढसा रडायला लागली.

अण्णा "हं" म्हणाले. नुसतं हं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि पुढे कुणाच्या जनावराला मलम दिला नाही. पण का, ते कुणालाही सांगितलं नाही. तिला तर नाहीच.

पुढच्या खेपेला माहेरी आले तेव्हा ती बाजारात दिसली. मळा दिराकडे गेला होता. एकटीला तिथं राहवेना, म्हणाली. माझ्या पोराच्या हातात पेरू ठेवला. शेजारी एक बाई खरजेचं लेकरू कडेवर घेऊन उभी होती. तिला माळीण समजावून सांगत होती, "वैद्यबुवांकडं जा, देवमानूस हाय. पन बाई, पथ्य पाळ. म्या ताक घातलं अन् माझी सोबत गेली." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हाय का नाय वो, ताई?"

मी "हो" म्हटलं.