जाड टायपातलं नाव

माझा मित्र वारला आणि मी छापून टाकलं की त्याची बायको वारली.

वाशीमच्या आमच्या साप्ताहिकाचा संपादक मी, छपाईचे खिळे जुळवणारा मी आणि अंकावर पत्ते चिकटवणाराही मीच. त्यामुळे दोष वाटून घ्यायला दुसरं कुणी नाही. आसेगावचा श्यामराव मास्तर आमच्याकडं बारा वर्षं लिहीत होता, पण 'चंद्रभागा' या नावानं. नोकरी सरकारी शाळेतली. गावच्या बुजलेल्या विहिरीबद्दल, साहेबाच्या दौऱ्याबद्दल खऱ्या नावानं लिहिलं असतं, तर अंकाच्या आधी बदलीचा कागद पोचला असता. नाव त्यानंच निवडलं. मी म्हटलं, "वा, नदीचं नाव!" तो नुसता हसला...

पेन्शन झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी तो छापखान्यात आला. लेखाखाली पहिल्यांदाच स्वतःचं नाव होतं. "आता कायचं भेव? एक डाव हेच छाप," म्हणाला. मी ऐटीत उत्तर दिलं, "चंद्रभागेले वाचक हायेत लेका. श्यामरावाले कोन वळखते?" तो हसला. लेखाची घडी करून खिशात ठेवली आणि चहा न घेताच गेला. ती शेवटची भेट.

महिनाभरात तो गेला. मी काळी चौकट टाकून मथळा दिला, 'आसेगावची चंद्रभागा आटली'. खाली मजकुरातही तेच नाव. त्याच्या बायकोचे, म्हणजे वहिनींचे, भाऊ नागपूरला गिरणीत. त्यांना कळवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. म्हटलं, त्यांना अंक जातोच आहे, वेगळं कार्ड कशाला? अंक वाचून भाऊ आसेगावला धावले, बहिणीच्या तेराव्याला सवाष्णीला नेसवायला माहेरचं हिरवं लुगडं घेऊन. दार वहिनींनीच उघडलं. जिवंत बहीण बघून ते हसले, मग तिचं मोकळं कपाळ दिसलं आणि ते उंबऱ्यावरच बसले...

चंद्रभागा हे वहिनींचं नाव. बारा वर्षं त्या घरी भाकर मोडली, पण वहिनी म्हटलं की भागत होतं. नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

बुधवारी टपाल येतं, त्यात आसेगावचं पाकीट नसतं. हात सवयीनं दोन कॉलम मोकळे सोडतो. मग तिथं केसांच्या तेलाची जाहिरात बसवतो.

पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली, श्यामरावाच्या पूर्ण नावानिशी, आणि अंक घेऊन स्वतः आसेगावला गेलो. त्याचं लिहायचं उतरतं डेस्क खिडकीशी तसंच होतं, दौतीचं झाकण घट्ट लावलेलं. वहिनींना अक्षरओळख नाही. त्यांनी अंक डेस्कावर पसरला.

"त्याइचं नाव कुठी हाये, भाऊजी?"

मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "तोंडानं घेता येत नाई," म्हणाल्या, "बोटानं चालते."

मग बोट खाली सरकलं.

"अन् हे जाड जाड कोनाचं?"

"ते... माझं. लिहिणाऱ्याचं."

या लेखाखाली माझं नाव नाही, त्याचं कारण वहिनींचं पुढचं वाक्य. त्यांनी एकदा अंकाकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं.

"मंग मेलं कोन, भाऊजी? ते का तुमी?"