विमलकाकूंची दहा पावलं

आमच्या गावच्या पेठेत गाड्या बंद झाल्या, नवी फरशी बसली, झाडाखाली बाक आले. ते पाहून मला आधी विमलकाकू आठवल्या. पेठेतल्याच एका दुकानाच्या माडीवर त्या एकट्या राहतात. मोटारसायकलचा धक्का लागून पडल्यापासून दोन वर्षं त्या दवाखान्याशिवाय कुठे गेल्या नव्हत्या.

काल संध्याकाळी मी त्यांना हाताला धरून खाली आणलं. समोरच्या बाकावर त्यांची मैत्रीण शांताबाई वाट पाहत होत्या. जेमतेम दहा पावलांचं अंतर. पण काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे.

"काकू, आता एकही गाडी येत नाही इथं."

"दिसतंय गं मला. पण पायच उचलत नाही."

रस्ता मोकळा झाला की माणूसही मोकळं होतं, असं मी धरून चालले होते. इथे एवढ्या रुंद, शांत रस्त्यापुढे काकू कोंडल्यासारख्या उभ्या होत्या.

शेवटी शांताबाईच उठल्या. सावकाश चालत आल्या, दारातल्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "बस इथंच. मला कुठं घाई आहे?"

काकू बसल्या. बऱ्याच वेळाने, बोलता बोलता, त्यांनी एक पाऊल खाली फरशीवर ठेवलं.